तीस फेब्रुवारीची साखर

१२ जानेवारी

आज शिडीवरून पडले. सहाव्या पायरीवरून. बुटांच्या दुकानाचं शटर होतं, वर स्प्रिंग ताणत होते, आणि एकदम हाताला घाम सुटला, डोळ्यांसमोर काजवे चमकले, पुढचं धड आठवत नाही. डोळे उघडले तर मामा माझ्या ओठाला साखरेचं पाणी लावत होता आणि बूटवाला म्हणत होता, "सकाळी सकाळी पिऊन आली का पोरगी?"

त्याचं नशीब की मला उठता येत नव्हतं.

मामाने बोट टोचून मोजली. अठ्ठेचाळीस. म्हणजे साखर पार तळाला. सकाळी इन्सुलिन घेतलं आणि घाईत पाव अर्धाच खाल्ला, त्याची ही शिक्षा.

"उद्यापासून शिडी बंद," मामा म्हणाला.

"मग मी काय करू? शोभेला उभी राहू?"

"हो. शोभेला. पण जिवंत शोभेला."

मला या जगात एकच गोष्ट नीट येते, ती म्हणजे वर चढून बिघडलेलं शटर सरळ करणं. शाळेत काही आलं नाही, घरात काही येत नाही. वर चढले की कोणाचं ऐकावं लागत नाही. तेवढंच होतं, तेही गेलं. रागाने पेन मोडायला आलंय.

ही वही खरं तर साखरेची. दवाखान्यातून मिळते. पुढच्या पानांवर रकाने असतात, उपाशी किती, जेवल्यावर किती, सुई किती. ते रकाने मी दवाखान्यात जायच्या सकाळी एकदम बसून भरते. तीन पेनं लागतात: निळं, काळं आणि एक संपत आलेलं. मधे एक चहाचा डाग. एकदा तर कोपऱ्यात रक्ताचा ठिपका पण लावला, डॉक्टर म्हणाले, "छान, नियमित आहेस." सात वर्षं चाललंय. पुढून सगळं खोटं, तर म्हटलं मागून खरं लिहू. मागची पानं कोणी उलटत नाही.

१५ जानेवारी

पडले म्हणून दवाखान्यात बोलावणं. आई लाँड्रीतून अर्धा दिवस सुट्टी घेऊन आली, हाताला इस्त्रीचा वास तसाच.

आमचे डॉक्टर म्हणजे टिकोजीराव. वही उघडतात, पान उलटतात, बरोबरची खूण, पान उलटतात, बरोबरची खूण. टिक, टिक, टिक. पाल चुकचुकावी तसं. मग म्हणाले, "आकडे इतके छान आहेत, मग पडलीस कशी?" मी म्हटलं, "आकडे नाही पडले, मी पडले." आईने टेबलाखालून चिमटा काढला.

शेजारी एक नवी शिकाऊ डॉक्टर बसली होती, माझ्याच वयाची. तिने विचारलं, "हिला कधीपासून आहे?"

"दोन वर्षांची होती," आई म्हणाली. मला तोंड उघडूच दिलं नाही. "पूर्ण दोन."

गंमत आहे. आईला माझा फोन नंबर विचारला तर पर्स उचकते. पण हे 'पूर्ण दोन' कायम तयार, हातातल्या तिकिटासारखं.

टिकोजीरावांनी सांगितलं, सुई दोन आकड्यांनी कमी, आता दर महिन्याला यायचं, आणि उंचावरचं काम बंद म्हणजे बंद. मामाने काय यांना फोन केला होता?

घरी आल्यावर आईने चहा केला. माझा बिनसाखरेचा, तिचा पण. मी हजारदा सांगितलंय, तू घे की साखर, मी काय नजर लावणार आहे? "मला नाही चालत," म्हणते. साखरेचा डबा घरात फक्त माझी साखर उतरली तर म्हणून. तो पण आई हाताने उघडत नाही, चमच्याच्या टोकाने झाकण उचकटते. आत विंचू असल्यासारखी.

२१ जानेवारी

बूटवाल्याच्या शटरच्या कड्याला आतल्या बाजूने ग्रीस लावून आले. दिसत नाही, हाताला लागतं. पांढरे बूट विकतो तो. बघू आता सकाळी सकाळी कोण पितंय.

मामाला कळलं. मामा कमी बोलतो पण बोलला की बादली उलटी करतो. "गिऱ्हाईक जाईल! अक्कल गहाण ठेवलीस?"

"तुम्हीच शिडी काढून घेतलीत. मग रिकामा हात काय करणार?"

"मला शिकवू नको. तुझी मान धरत नव्हती तेव्हापासून उचलतोय तुला. एका हातात तू, एका हातात सुई. सुई मोठी दिसायची तुझ्यापेक्षा!"

मामाला वाढवून सांगायची सवय आहे. दोन वर्षांच्या घोडीची मान धरत नाही होय? परवा सांगत होता, गोदामाचं अख्खं शटर एका खांद्यावर तोललं. एका खांद्यावर! तो खांदा दाखवा म्हटलं तर डावा दाखवला, नंतर उजवा.

३ फेब्रुवारी

आज लांबलचक लिहिणार आहे. हात दुखला तर दुखला.

एका संशोधन संस्थेत काम आलं. तिसऱ्या मजल्यावर अंधारी खोली, दाराला काळं शटर, ते खाली येता येता दोन बोटं उघडं राहतं. जिने बोलावलं ती बाई कमरेवर हात ठेवून दारातच. चष्मा, विस्कटलेले केस, खिशाला सहा पेनं. "दोन बोटं उजेड आत येतो," म्हणाली. "त्या दोन बोटांनी माझे तीन आठवडे खाल्ले."

मामा शिडीवर, मी शोभेला. मी खालूनच बघितलं, डावीकडच्या खाचेत पेनाचं टोपण अडकलं होतं. तिच्याच खिशातल्या एका पेनाला टोपण नव्हतं. मी नुसतं टोपण काढून त्या पेनाला घालून दिलं. तिचे कान लाल झाले.

मामा बिल द्यायला खाली गेला. माझा हात थरथरायला लागला म्हणून मी बोट टोचलं. पासष्ट. बिस्किट काढलं.

"इथे खायचं नाही," ती खेकसली. मग तिला माझ्या हातातलं यंत्र दिसलं आणि आवाज एकदम उतरला. "बाहेर जाऊन खा. मग आत ये. तुझंच काहीतरी दाखवते."

"माझं काय आहे तुमच्या खोलीत?"

"ये तर."

आत मिट्ट काळोख आणि एक पडदा. पडद्यावरही काळोखच, मधे जेमतेम एक गोल ठिपका. म्हणाली, हा उंदराच्या स्वादुपिंडातला एवढुसा तुकडा, यात हजारभर पेशी, बहुतेक सगळ्या इन्सुलिन बनवणाऱ्या.

"मेल्यात का?"

"भुकेल्या आहेत. थांब." तिने एक नळी फिरवली. "आता साखर चाललीये त्यांच्याकडे."

काही नाही झालं. मी म्हटलं, "माझ्याच जातीच्या दिसतात, हाक मारली तरी उठत नाहीत." तेवढ्यात कोपऱ्यात एक हिरवा टिपका चमकला. मग शेजारचा. मग अख्खा ठिपका भसकन पेटला, विझला, परत पेटला. काजव्यांनी भरलेलं झाड असतं ना, सगळे एका तालात, तसं. माझं तोंड उघडंच.

"हे हिरवं म्हणजे कॅल्शियम," ती म्हणाली. "पेशीत शिरलं की चमकतं, असा रंग घातलाय."

"हाडांचं असतं ते?"

"तेच. पण इथे ते घंटा वाजवायला येतं. घंटा वाजली की पेशी इन्सुलिन बाहेर सोडते. साखर स्वतः घंटा वाजवत नाही. साखर आत जाते, जळते, त्यातून पेशीला ताकद मिळते. ताकद वाढली की एक दार बंद होतं. ते दार एरवी उघडं असतं, त्यातून पोटॅशियम बाहेर जात असतं. ते बंद झालं की पेशीच्या पडद्यावरचा विजेचा दाब बदलतो, आणि मग दुसरं दार उघडतं. त्यातून कॅल्शियम आत."

"म्हणजे इंटरलॉक," मी म्हटलं.

"काय?"

"बर्फाच्या गोदामाला दोन शटरं असतात, ताई. बाहेरचं पूर्ण खाली टेकल्याशिवाय आतलं वर जातच नाही. तारच तशी जोडलेली असते. बाहेरचं दोन बोटं जरी उघडं राहिलं तरी आतल्याचं बटण दाबून दाबून बोट मोडा, हलत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "मी हे समजवायला चार चित्रं काढते," म्हणाली.

मग तिने दुसरी थाळी लावली. या उंदरांचं ते पहिलं दार मुद्दाम बिघडवलेलं. बंदच होत नाही. साखर सोडली. पाच मिनिटं. दहा. नुसता काळोख. मला त्या ठिपक्याचा इतका राग आला की मी ओरडलेच, "अगं उठ की मेले! साखर दारात आलीये!" ती हसली. मग तिने दुसरी नळी फिरवली, त्यात औषध. आणि थोड्या वेळाने तो पण पेटला. तसाच हिरवागार.

"हे औषध ते दार ओढून बंद करतं. पेशीने सांगायची वाट बघत नाही."

"हातसाखळी," मी म्हटलं. वीज गेली की मोटरचं शटर साखळीने ओढतात, तसंच.

ती म्हणाली, माणसांतही असतं असं. जन्मापासून. त्या बाळांची साखर पहिल्या सहा महिन्यांतच वाढते, सगळ्यांना वाटतं नेहमीचाच मधुमेह, आणि सुया सुरू होतात. पण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या पेशी मेलेल्या नसतात. नुसतं दार अडकलेलं. त्यांना सुई लागत नाही, गोळी पुरते.

"तुला कधीपासून?"

"दोन वर्षांची होते."

"मग नसणार," म्हणाली. खरंच वाईट वाटलं तिला. "क्वचित उशिरा सापडतं कोणाला. डॉक्टरांना विचार, रक्ताची तपासणी असते. आणि ऐक, म्हाताऱ्यांच्या मधुमेहाला देतात तीच ही गोळी, पण कोणाच्या ढापून खाऊन बघू नकोस. मरशील. तुझा चेहरा तसा आहे."

माझा चेहरा तसा आहे म्हणे! आहेच. शेजारच्या आजोबांच्या औषधाच्या डब्यापर्यंत मी मनाने पोचले पण होते.

तिचं नाव मी काजवेवाली ठेवलंय.

४ फेब्रुवारी

आईला सगळं सांगितलं. ती शर्टाला इस्त्री करत होती. मी हात हलवून हलवून दाखवलं, हे दार असं, ते दार तसं, आणि म्हटलं, "बघ ना, मी पहिल्या सहा महिन्यांतली असते तर सुटले असते. गोळी खाल्ली की झालं. पण तू मला पूर्ण दोन वर्षं नीट ठेवलंस!"

शर्टाची कॉलर जळली. आईच्या हातून कधी रुमाल जळला नाही. गिऱ्हाइकाचा शर्ट होता, भरून द्यावा लागणार. लक्ष नसतं तिचं हल्ली.

वर मलाच ओरडली, "त्या प्रयोगशाळेत परत पाऊल टाकायचं नाही. तू काय उंदीर आहेस?"

१२ फेब्रुवारी

टिकोजीरावांना विचारलं. टिक करता करता म्हणाले, "ते तान्ह्या बाळांचं. तुझ्या फाइलवर दोन वर्षं लिहिलंय. मोबाइलवर वाचत बसू नकोस, वही भर." मी म्हटलं, मोबाइलवर नाही, मी डोळ्यांनी बघितलंय. "काय?" "काजवे." त्यांनी माझं डोकं तपासायचंच बाकी ठेवलं. आई खिडकीबाहेर बघत होती. एक शब्द नाही माझ्या बाजूने. एरवी भाजीवाल्याशी दोन मिरच्यांसाठी भांडते.

आल्यावर भांडं आपटलं. आई म्हणाली, "आपट. भांड्यांची काय चूक?" मग चूक कोणाची ते तरी सांगा कोणीतरी!

५ मार्च

उद्या दवाखाना. वही भरायला बसले. तीन पेनं, चहाचा डाग. आणि मग मला ती युक्ती सुचली. सुचल्यावर एकटीच इतकी हसले की आईने विचारलं, साखर उतरली का.

अठ्ठावीस फेब्रुवारीच्या खाली एकोणतीस लिहिली. तिच्याखाली तीस. तीस फेब्रुवारी, उपाशी ११२, जेवल्यावर १४०, झोपताना १२६. सुंदर आकडे. असे आकडे ज्या दिवशी येतात तो दिवस कॅलेंडरात नसतोच.

६ मार्च

हात अजून कापतोय. साखर नाही, मोजली. राग.

आई आली नव्हती, अंग दुखतंय म्हणाली. मी एकटीच. टिकोजीरावांनी वही घेतली. टिक. टिक. फेब्रुवारीचं पान. टिक.

मी म्हटलं, "डॉक्टर, तीस फेब्रुवारीला उपाशीपोटी किती होती?"

त्यांनी बोट फिरवलं. "एकशे बारा. छान."

"तीस फेब्रुवारीला."

"हो, एकशे..." आणि थांबले. शिकाऊ डॉक्टर फिस्सकन हसली आणि तिने तोंडावर फाइल धरली.

मग मी सुटले. म्हटलं, सात वर्षं मी खोटं लिहितेय आणि सात वर्षं तुम्ही खोट्यावर खूण करताय. तुमच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, मला तीन पेनं लागतात, तुमचं एकात भागतं. मी शिडीवरून पडले तेव्हाही तुम्ही आकडे बघितलेत. मला विचारलंत कधी, कशी आहेस?

वाटलं हाकलतील. हाकललं नाही. चष्मा काढला. मग शिकाऊ डॉक्टरला म्हणाले, "हिची जुनी फाइल काढा. पहिल्या पानापासून." उशीएवढी जाड फाइल आली. बाहेर रांग ओरडत होती, त्यांनी दाराला कडी लावली आणि वाचत बसले. खरंच वाचत. ओठ हलत होते.

एका पानावर थांबले. मी नऊ वर्षांची असताना एक तपासणी झाली होती, लहानपणीच्या नेहमीच्या मधुमेहासारखं शरीर स्वतःच्याच पेशींवर उठलंय का बघायची. उत्तर होतं, नाही. "या एकट्यावरून काही ठरत नाही," म्हणाले, "पण इथे थांबायला हवं होतं." त्याच्याखाली बरोबरची खूण. "ही माझीच," म्हणाले. हळू.

मग अगदी पहिलं पान. मोठ्याने वाचलं: "वय दोन वर्षे एक महिना. आजार एका महिन्यापूर्वी सुरू. माहिती देणार, आई. तपासणीत दोन्ही मांड्यांवर सुईच्या जागी जुन्या, कडक गाठी."

"गाठी अजून आहेत," मी म्हटलं. "हात लावून बघा, चिंचोक्यासारख्या."

"एका महिन्यात अशा गाठी होत नाहीत," ते म्हणाले. "कितीतरी महिने टोचावं लागतं." आणि माझ्याकडे बघितलं. "तुला खरंच दोन वर्षांची असताना सुरू झालं?"

"आई म्हणते." माझ्या तोंडून निघालं, आणि निघता निघताच मला मामाचं बोलणं आठवलं. त्यांच्या टेबलावर ही वही पडली होती. मी उचलली, मागून उघडली, पानं उलटली. एकवीस जानेवारी. माझंच अक्षर. "तुझी मान धरत नव्हती तेव्हापासून उचलतोय तुला. एका हातात तू, एका हातात सुई."

मीच लिहिलंय. खाली मीच मामाची टिंगल केलीये. टिकोजीरावांना नावं ठेवणारी मी, स्वतःच्या वहीवर मीही खूणच करून पुढे गेले होते.

सरळ लाँड्रीत गेले. आई इस्त्रीवर होती. अंगदुखीची थाप. मी सगळ्या बायकांसमोर विचारलं, "मी केवढी होते?"

तिने कुठलं केवढी, कसलं केवढी, काही विचारलं नाही. इस्त्री उभी केली. वायर काढली. म्हणाली, "सात आठवड्यांची."

"मग दोन वर्षं कुठून काढलीस?"

मागे कपड्यांच्या ढिगाशी नेलं मला. म्हणाली, "तुझ्या बापाची आई. म्हणाली, पोटातूनच आणलाय रोग, नऊ महिने साखर चरत होती ही. आणि मी चरत होते गं. दुसरं काही पोटात ठरत नव्हतं, डबा घेऊन बसायचे, चमच्याने खायचे. रोज ऐकलं ते. उठता बसता. दीड वर्ष. सुई टोचायला माझा हात उठेना, तर पहिले दोन महिने तुझा मामाच तिथे येऊन राहिला होता. मग तुला घेऊन त्याच्याकडे निघून आले. इथे दवाखान्यात बाईने विचारलं, कधीपासून. मी म्हटलं आत्ताच, दोन वर्षांची झाल्यावर. म्हणजे माझ्या पोटातून नाही आलं. एकदा म्हटलं. मग दर वेळी तेच म्हणावं लागलं."

"आणि परवा मी सांगितलं तेव्हा? दारं, काजवे, सगळं सांगितलं तेव्हा?"

"शर्ट जाळला," ती म्हणाली.

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. सगळी लाँड्री ऐकत होती, त्यांना विचारा. बाहेर येऊन मोबाइलवर हिशेब केला. वीस वर्षं, दिवसाला चार सुया. एकोणतीस हजार दोनशे. आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. ओठ फाटले की चव कशी लागते ते आज कळलं.

९ मार्च

मामाच्या दुकानात राहते. पट्ट्यांच्या ढिगाशेजारी सतरंजी. मामाला विचारलं, "तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"मग?"

"माझी बहीण आहे," म्हणाला. "आणि मला कुठे माहीत की सात आठवडे आणि दोन वर्षं यात एवढं काही असतं? मला वाटलं बाईमाणसांची लाज आहे, झाकू दे." मग बराच वेळ एकच स्क्रू पुसत बसला.

त्याच्यावर रागावणं म्हणजे भिंतीला टाळी मागणं. तरी रागावले.

११ मार्च

दवाखान्यात त्या दाराच्या तपासणीसाठी रक्त द्यायला गेले. शिकाऊ डॉक्टरने एक फॉर्म दाखवला. कोणीतरी माझ्याआधीच येऊन भरून गेलं होतं. आजार सुरू झाला तेव्हाचं वय, आठवड्यांत: सात. अक्षर आईचं, लाँड्रीच्या चिठ्ठ्यांवर असतं तसं, मोठं आणि वाकडं. सातवर दोनदा गिरवलेलं. कोणी पुसू नये म्हणून की काय.

"किती वेळ बसल्या होत्या," शिकाऊ म्हणाली. "एवढा एकच आकडा लिहायला."

मी म्हटलं, मग मी काय करू? टाळ्या वाजवू?

पण घरी गेले. दुकानात पाठ दुखते म्हणून. बोलत नाही तिच्याशी. ती ताट वाढते, मी जेवते.

२४ एप्रिल

काजवेवालीकडे गेले होते. निकाल अजून नाही. तिला म्हटलं, नसलं तर? म्हणाली, "नसलं तर सुई आहेच, आणि सुईवाले लोकही शिडी चढतात, मोजून चढतात. तू मोजत नाहीस." पेनाचं टोपण परत हरवलंय तिचं.

३० एप्रिल

टिकोजीरावांचा स्वतःचा फोन. दार अडकलेलंच आहे. जन्मापासून. त्या एका दाराच्या घडणीत एका अक्षराएवढी चूक.

मी फोन ठेवून जिन्यात बसले. आईने दारातून विचारलं, "काय म्हणाले?" जवळजवळ दोन महिन्यांत पहिल्यांदा बोलले तिच्याशी. "तुझ्या साखरेने नाही झालं. तू डबेच्या डबे खाल्ले असतेस तरी झालं नसतं. एकही चमचा खाल्ला नसतास तरी झालं असतं. असं म्हणाले."

आई आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला, खूप वेळ. भांडी तर घासलेली होती.

८ मे

दवाखान्यात भरती होऊन पाच दिवस झाले. गोळी रोज थोडी वाढवतात, सुई थोडी कमी करतात, तासातासाला बोट टोचतात. साखर २९०. ३१०. २७८. हे काय काजवे? वीस वर्षं गंजलेलं शटर हे, साखळी ओढून निघायचं नाही. सगळ्यांवर ओरडले. टिकोजीराव म्हणाले, "काहींना वेळ लागतो. काहींना पूर्ण जमत नाही. खोटं सांगणार नाही." आजकाल खरं बोलायचा सोस लागलाय सगळ्यांना.

१२ मे

१९०. सुई अर्धी.

१७ मे

सकाळी ११८. कालपासून सुई शून्य.

शून्य. दोनदा मोजलं, मग शिकाऊ डॉक्टरच्या यंत्रावर. मला रडू येईल वाटलं होतं. आला तो रागच, सगळा एकदम, वीस वर्षांचा. बिछान्याच्या कठड्याला लाथ मारली. पाय सुजलाय. शिकाऊ म्हणाली, "साखर छान आहे, अंगठा मोडलाय." नशीब म्हणतात ते हे.

३ जून

मामाने आज शिडी लावली. बूटवाल्याचंच शटर. मी म्हटलं, मी चढू? त्याने खालून दोन्ही हातांनी शिडी धरली. एरवी कधी धरत नाही. चढायच्या आधी मोजली, एकशे नऊ. बरी झालेय असं नाही. गोळी रोज घ्यायची, जन्मभर, साखळी मलाच ओढायची. पण वर गेले. स्प्रिंग ताणली. वरून बूटवाल्याचं टक्कल दिसतं, चकचकीत. तिथे ग्रीसची गरज नाही.

६ जून

पुढच्या रकान्यात: उपाशी १०४. एकाच पेनाने. डाग नाही.

आज सकाळी आई दाराशी इस्त्रीचे कपडे मोजत होती तेव्हा मी तिच्या चहात साखर टाकली. एक चमचा, सपाट. ढवळली, चमचा धुऊन जागेवर ठेवला, आणि कोपऱ्यात बसून गंमत बघत राहिले. थुंकेल, किंवा मला एक धपाटा.

पहिला घोट घेतला आणि थांबली. कपाकडे बघितलं. माझ्याकडे नाही बघितलं. मग दोन्ही हातांत कप धरून सगळा प्यायली, हळूहळू, आणि तळाशी राहिलेले दाणे बोटाने पुसून घेतले.

माझा राग तसाच आहे, तिला वाटत असेल गेला, म्हणून इथे लिहून ठेवतेय.

उद्या दीड चमचा टाकणार आहे.